११० पॉइंटांचा संसार

उत्तर नागपुरातील एका भगिनीचे पत्र गेल्या आठवड्यात आमच्या हाती आले. त्यांचा मुलगा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. गादी उन्हात टाकताना तिच्याखाली त्यांना दोनशे पानी वही सापडली. वहीत ना धडा, ना आकृती. पानोपानी नुसते आकडे. २०, २०, २०, २०, खाली १, मग पुन्हा २०. कुठे बेरीज १०५, कुठे ९६, कुठे खोडाखोड. या माउलीच्या काळजात चर्र झाले. त्या लिहितात, "आमच्या गल्लीत आकड्याच्या नादाने दोन घरे बसली. मुलाला विचारले तर म्हणतो, तुला कळणार नाही. हा मटका तर नाही ना, तेवढे सांगा." सोबत दोन पानांची झेरॉक्स जोडली होती.

भगिनींनो, हा मटका नाही. खेळ जाणणाऱ्या दोन-तीन तरुणांना आम्ही ती पाने दाखवली. त्यांनी एका नजरेत ओळखले. हे 'डायब्लो २' या संगणकावरील खेळाचे गणित आहे, आणि पात्राचे नाव ड्रुइड. मुलगा 'तुला कळणार नाही' म्हणतो, ते मात्र आम्हाला मान्य नाही. ज्या बाईने एका पगारात भाडे, किराणा, फी आणि सासूचे औषध बसवले आहे, तिला हे गणित मुलापेक्षा लवकर कळेल. तेच आज समजून घेऊ.

खेळ कोणता?

ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीने 'डायब्लो २' हा खेळ २००० साली काढला. तेव्हा तो तीन सीडींवर यायचा. खेळणारा एक पात्र निवडतो, माउसने त्याला रान, वाळवंट, तळघर असे फिरवतो आणि अंगावर येणाऱ्या राक्षसांशी लढतो. लढता लढता अनुभव साठतो, अनुभवाने पात्राची लेव्हल वाढते आणि प्रत्येक लेव्हलला नवे काही शिकायला मिळते. हात आणि डोके दोन्ही चालवावे लागतात, म्हणून या जातीच्या खेळाला 'ॲक्शन रोल-प्लेइंग' म्हणतात. २००१ साली 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' ही पुरवणी आली आणि तिच्यासोबत ड्रुइड आला. २०२१ साली हाच खेळ नव्या चित्रांसह 'रिझरेक्टेड' या नावाने पुन्हा निघाला. म्हणून जुन्या खेळाचा हिशेब आजच्या पोरांच्या वहीत दिसतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खेळात रक्तपात आहे, भेसूर चित्रे आहेत. अमेरिकेत त्यावर १७ वर्षांवरील मुलांसाठी असा शिक्का आहे. १९ वर्षांच्या मुलाचे ठीक, पण सातवी-आठवीच्या पोरापुढे हा खेळ ठेवू नये. धाकटी भावंडे शेजारी बसून बघत असतील तर तिकडेही लक्ष असावे.

ड्रुइड म्हणजे कोण?

खरे ड्रुइड हे दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटन आणि गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, या भागांतील केल्टिक लोकांचे पुरोहित. ज्युलियस सीझरने त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. त्यांना युद्धाची माफी होती, कराची माफी होती. शिकायला काहींना वीस-वीस वर्षे लागत, आणि आपली विद्या लिहून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. सगळे तोंडपाठ, सगळे आपसांत. विद्या मुठीत ठेवणारा असा वर्ग आमच्या वाचकांना ओळखीचा वाटला तर नवल नाही. प्लिनी या रोमन लेखकाने ओकच्या झाडाशी असलेले त्यांचे नाते नोंदले आहे.

खेळातल्या ड्रुइडने त्यांच्याकडून रान, झाडे, पशू आणि वारा-पाऊस एवढेच घेतले आहे. त्याची विद्या मुठीत नाही. त्याची सगळी कसबे पडद्यावर उघडी मांडलेली असतात. कोणते कसब किती वाढवले तर काय होते, हे जगभरच्या खेळणाऱ्यांनी करून पाहिले, मोजले आणि एकमेकांना फुकट सांगितले. त्या मुलाची वही म्हणजे त्याच मोजणीची एक नक्कल आहे.

तीन झाडे, तीस कसबे

खेळणारे 'स्किल' म्हणतात, आम्ही कसब म्हणू. ड्रुइडची ३० कसबे तीन झाडांवर लागली आहेत, प्रत्येक झाडावर १०.

पहिले झाड पशुपक्ष्यांना हाक मारण्याचे. कावळे येतात, लांडगे येतात, ग्रिझली नावाचे मोठे अस्वल येते. विषारी वेली जमिनीखालून सरपटतात. शिवाय तीन आत्मे आहेत, त्यांतला एका वेळी एकच बाळगता येतो. त्यांतला ओक सेज हा सोबतच्या सगळ्यांचे आयुष्य वाढवतो.

दुसरे झाड रूप बदलण्याचे. ड्रुइड स्वतः लांडगा होतो किंवा अस्वल होतो आणि नखा-दातांनी लढतो. लांडगा चपळ, अस्वल दणकट.

तिसरे झाड पंचमहाभूतांचे. त्याला दोन फांद्या. एक आगीची, तिच्यात जमीन फाटून ज्वाळा निघतात, ज्वालामुखी फुटतो. दुसरी वाऱ्याची, तिच्यात टॉर्नेडो म्हणजे वावटळ, ट्विस्टर म्हणजे लहान वावटळ, सायक्लोन आर्मर म्हणजे वाऱ्याचे चिलखत आणि हरिकेन म्हणजे अंगाभोवती फिरणारे गार वादळ.

कसबे एकदम उघडत नाहीत. काही पहिल्या लेव्हलला, मग ६, १२, १८, २४ आणि शेवटची ३० व्या लेव्हलला. वरचे कसब हवे तर त्याच्या खालच्या फांदीवर निदान एक पॉइंट टाकावाच लागतो. दहावी झाल्याशिवाय अकरावी नाही, तसेच.

मिळकत किती, खर्च किती?

आता खरा संसार सुरू होतो. दुसऱ्या लेव्हलपासून प्रत्येक लेव्हलला कसबासाठी एक पॉइंट मिळतो. शेवटची लेव्हल ९९, म्हणजे ९८ पॉइंट. काही कामगिऱ्या पुऱ्या केल्या की बक्षीस म्हणून एका फेरीत ४ पॉइंट मिळतात, आणि खेळाच्या फेऱ्या तीन, म्हणजे १२. एकूण मिळकत ११०. आयुष्यभराची मिळकत एवढीच.

खर्चाची बाजू बघा. एका कसबात जास्तीत जास्त २० पॉइंट टाकता येतात. ३० कसबे गुणिले २० म्हणजे ६००. मागणी ६०० ची आणि हातात ११०. आमच्या वाचकांना याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

नवखा खेळणारा काय करतो? कावळा आवडला, टाक तीन. लांडगा झकास दिसतो, टाक पाच. आग बघून भुलला, टाक आठ. पहिल्या फेरीत हे खपून जाते, कारण पहिली फेरी सोपी. दुसऱ्या फेरीत आग, थंडी, वीज आणि विष सोसण्याची त्याची ताकद ४० ने कापली जाते, तिसरीत १०० ने. तिसऱ्या फेरीतले काही राक्षस असे की कुणाला आग लागतच नाही, कुणाला थंडी बाधत नाही. तिथे मेले की साठवलेल्या अनुभवातला वाटा जातो. सगळ्यात थोडे थोडे शिकलेला ड्रुइड या तिसऱ्या फेरीच्या दारात अडतो. त्याच्याकडे दहा कसबे असतात आणि एकही पुरे पडत नाही.

काटोल-वरुडकडे ज्यांचे नातेवाईक संत्र्याच्या बागेत कामाला आहेत, त्यांना हे चटकन पटेल. संत्र्याला आंबिया बहार येतो आणि मृग बहारही येतो. शहाणा बागवान दोन्हींच्या मागे लागत नाही. पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि एकच बहार धरतो. दोन्ही धरले तर झाड खंगते आणि फळ बारीक राहते. ड्रुइडचेही तसेच आहे. बहार एकच धरायचा. कोणता, एवढेच ठरवायचे.

एकमेकांना हात देणारी कसबे

२००३ सालच्या दुरुस्तीने खेळात एक मोठा बदल केला. तेव्हापासून काही कसबे एकमेकांना आधार देतात. खेळणारे त्याला 'सिनर्जी' म्हणतात. उदाहरणार्थ, ट्विस्टर, सायक्लोन आर्मर आणि हरिकेन यांत टाकलेला प्रत्येक पॉइंट टॉर्नेडोचा मार ९ टक्क्यांनी वाढवतो. म्हणजे ट्विस्टर स्वतः फारसा वापरला नाही तरी त्यातले पॉइंट वाया जात नाहीत. घरात एकाने कमावायचे आणि दोघांनी त्याच्यामागे उभे राहायचे, असा हा प्रकार.

इथे एक बारीक नियम आहे, तो मुलाच्या वहीत लाल शाईने लिहिला होता. अंगठी, टोप, चिलखत अशा वस्तूंमुळे कसब दोन-चार पायऱ्यांनी आपोआप वाढते. परंतु ती वाढ उसनी. आधार मोजताना फक्त स्वतः टाकलेले पॉइंट धरतात, उसने धरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, एखाद्या कसबात स्वतःचा एक तरी पॉइंट असेल तर वस्तूंची उसनी वाढ त्याला लागू होते. म्हणून ज्या कसबांचा मार मुख्य नाही, पण उपयोग आहे, त्यात एकच पॉइंट टाकून थांबतात. वहीत मधून मधून जो एकटा १ दिसतो, त्याचे कारण हे.

वाऱ्याचा ड्रुइड

आता त्या झेरॉक्सवरचा हिशेब उलगडू. टॉर्नेडो २०, हरिकेन २०, ट्विस्टर २०, सायक्लोन आर्मर २०. झाले ८०. या फांदीच्या वाटेत आर्क्टिक ब्लास्ट येते, तिला १. झाले ८१. अस्वल हवे, कारण ते पुढे उभे राहून मार खाते आणि ड्रुइड मागून वारा सोडतो. अस्वलाच्या वाटेत कावळा १, लहान लांडगा १, मोठा लांडगा १, आणि स्वतः अस्वल १. झाले ८५. ओक सेज २०. झाले १०५. हातात राहिले ५, ते अस्वलाला.

पण दुसऱ्या पानावर ९६ का? कारण मुलगा शहाणा आहे. ९९ वी लेव्हल गाठायला फार वेळ लागतो, बहुतेक जण तिथवर जात नाहीत. त्याने ८५ वी लेव्हल धरली. ८४ अधिक १२, झाले ९६. मग ८५ पॉइंट वरच्याप्रमाणे आणि ओक सेजला २० ऐवजी ११. हातात येईल तेवढ्याच पगारावर हप्ता बांधावा, दिवाळीच्या बोनसवर नव्हे, हे त्याने न सांगता ओळखले आहे.

हा बहार आम्हाला दोन कारणांनी बरा वाटला. पहिले असे की यात दोन प्रकारचा मार आहे. टॉर्नेडोचा मार धक्क्याचा, हरिकेनचा थंडीचा. एखाद्या राक्षसाला थंडी बाधली नाही तर वावटळ आहे, वावटळ बाधली नाही तर थंडी आहे. दुसरे कारण आमच्या वाचकांसाठी जास्त मोलाचे. वाऱ्याचा मार कसबाच्या पॉइंटांवर ठरतो, हातातल्या हत्यारावर नाही. नशिबाने भारी हत्यार सापडेल याची वाट बघत बसावे लागत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. टॉर्नेडो सरळ जात नाही. मे महिन्यात मैदानावरची वावटळ कशी कुठेही वळते, तशीच ती वळते. नेम धरायला सराव लागतो. आणि टॉर्नेडो २४ व्या लेव्हलला, हरिकेन ३० व्या लेव्हलला उघडते. त्यातही नियम असा की पुढचा प्रत्येक पॉइंट टाकायला आणखी एक लेव्हल वाढावी लागते. म्हणजे टॉर्नेडोचा विसावा पॉइंट ४३ व्या आणि हरिकेनचा ४९ व्या लेव्हलच्या आधी टाकताच येत नाही. तोपर्यंतचे दिवस काढायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पुढे आहे.

लांडग्याचा आणि सोबत्यांचा

ज्याला समोरासमोर लढायची हौस आहे, तो लांडगा होतो. वेअरवुल्फ २०, लायकॅन्थ्रोपी २०, फ्युरी २०, वाटेतली फेरल रेज १ आणि रेबीज १. झाले ६२. ओक सेज २० धरला तर ८२. हिशेब स्वस्त दिसतो, २८ पॉइंट शिल्लक राहतात. फ्युरी म्हणजे एका दमात अनेक वार, पाचपर्यंत. बघायला झकास. मेख अशी की लांडग्याचा मार हातातल्या हत्यारावर अवलंबून. पॉइंटांत वाचवलेले इथे हत्यारात भरावे लागते, आणि चांगले हत्यार महिनोन्‌महिने मिळत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा बहार दुसऱ्या खेपेला धरावा.

तिसरा मार्ग सोबत्यांचा. पूर्वी लहान लांडगे, मोठे लांडगे आणि अस्वल यांतला एकच प्रकार एका वेळी बाळगता यायचा, म्हणून या मार्गाला कोणी विचारत नव्हते. २०२२ सालच्या दुरुस्तीने 'रिझरेक्टेड'मध्ये तिन्ही एकत्र आणता येऊ लागले. ५ लहान लांडगे, ३ मोठे, १ अस्वल. तिघांना २० प्रमाणे ६०, वाटेतला कावळा १ आणि ओक सेज २०. झाले ८१. लढाई सावकाश चालते, पण ड्रुइड स्वतः मागे सुरक्षित राहतो. ज्याचा हात माउसवर अजून बसलेला नाही त्याला हा मार्ग सोयीचा.

बाकी अंगाचे पॉइंट

कसबांखेरीज प्रत्येक लेव्हलला अंगासाठी ५ पॉइंट मिळतात. ते ताकद, चपळाई, जीवट आणि ऊर्जा या चार खात्यांत वाटायचे. इथेही नवखे चौघांना सारखे देतात. जुने खेळणारे ताकद हवी तेवढीच देतात, म्हणजे घालायचे चिलखत अंगावर चढेल इतकी, आणि उरलेले बहुतेक सगळे जीवट या खात्यात. ड्रुइडला जीवटाच्या एका पॉइंटमागे आयुष्याचे २ अंक मिळतात. आधी जगायचे, मग पराक्रम.

दुसऱ्या अंकातल्या शहरात भाडोत्री भालाईत मिळतो, तो जरूर ठेवावा. त्याला बरे चिलखत घालावे. रोजाने आणलेल्या माणसाला उघड्यावर लढवू नये, हे वाचकांना सांगायला नको.

चूक झाली तर?

पूर्वी खेळात माफी नव्हती. एकदा टाकलेला पॉइंट परत येत नसे. सहा महिने वाढवलेले पात्र चुकीच्या वाटपामुळे टाकून देऊन पोरे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. २०१० सालच्या दुरुस्तीने सोय केली. 'डेन ऑफ ईव्हिल' ही पहिलीच कामगिरी पुरी केली की अकारा नावाची म्हातारी सगळे पॉइंट एकदा परत देते. प्रत्येक फेरीत एकदा, म्हणजे तीनदा. त्यानंतर हवे असेल तर तिसऱ्या फेरीतल्या मोठ्या राक्षसांकडून चार दुर्मीळ वस्तू जमवाव्या लागतात.

मघाचा प्रश्न इथे सुटतो. वाऱ्याची कसबे पिकायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला आगीवर दिवस काढायचे. फिशर, म्हणजे जमीन फाटून निघणाऱ्या ज्वाळा, १२ व्या लेव्हलला मिळतात आणि पहिल्या फेरीला पुरून उरतात. वाऱ्याची कसबे हाताशी आली की अकाराकडे जाऊन सगळे पॉइंट मागून घ्यायचे आणि वाऱ्यावर लावायचे. माफीची पहिली संधी चुकीसाठी नव्हे तर ठरवून वापरायची. उरलेल्या दोन गाठीला ठेवायच्या.

नव्या खेळांत हा धाक कमी झाला आहे. २०२३ साली 'डायब्लो ४' आला, त्यातही ड्रुइड आहे. तिथे रूप बदलायला वेगळे कसब लागत नाही, अस्वलाचा वार केला की ड्रुइड आपोआप अस्वल होतो. कसबांच्या पट्टीवर जागा फक्त सहा. हरीण, गरुड, लांडगा आणि साप या चार प्राण्यांकडून वरदाने घ्यायची. पॉइंट मात्र खेळातले सोने देऊन परत घेता येतात. सोय चांगली आहे. परंतु पॉइंट टाकण्याआधी वही काढून बेरीज करायची सवय जुन्याच खेळाने लावली, असे आम्हाला वाटते.

आई-वडिलांसाठी चार शब्द

पहिली गोष्ट पैशाची. हा खेळ एकदा विकत घ्यायचा असतो, त्यात पैसे लावून जिंकायचे-हरायचे काही नाही. मटका आणि हा खेळ यांतला फरक हाच. मटक्यात आकडा लागणे हातात नसते, इथे प्रत्येक आकड्यामागे कारण सांगता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ती लागते पैसे लावण्याला. परंतु मोबाईलवर आणखी एक जात आहे. २०२२ साली याच घराण्यातला 'डायब्लो इम्मॉर्टल' मोबाईलवर आला. तो फुकट उतरवता येतो, आणि आत गेल्यावर खरे पैसे देऊन रत्ने घेऊन पात्र बळकट करता येते. एकात ताकद विचार करून मिळते, दुसऱ्यात खिशातून. मुलगा कोणता खेळतो हे विचारा, आणि घरचा यूपीआयचा पिन मुलाच्या हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. आई हाक मारते तेव्हा 'आता थांबवता येत नाही' हे उत्तर घरोघरी ऐकू येते. एकट्याने खेळायचा 'डायब्लो २' एस्केप बटण दाबले की थांबतो. पाच जणांसोबत ऑनलाइन खेळत असेल तर थांबत नाही, हेही खरे. म्हणून ऑनलाइनची वेळ आधी ठरवून घ्यावी, आणि एकट्याच्या खेळात ती सबब चालू देऊ नये. घरात संगणक एकच असेल तर तो मुलीच्याही वाट्याला तेवढाच यावा. वाऱ्याचा हिशेब ती भावाइतकाच चोख करील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वही फाडू नका, लपवू नका. वही घेऊन मुलाशेजारी बसा आणि चार प्रश्न विचारा. शेवटी तुला काय व्हायचे आहे? त्यासाठी हातात एकूण किती आहे? आज किती खर्चलेस आणि किती राखून ठेवलेस? आणि यातले परत न मिळणारे कोणते? ज्या मुलाला या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतात, तो खेळात वाया चाललेला नाही. ज्याला देता येत नाहीत, त्याने त्या दिवशी खेळ बंद करून आधी बेरीज करावी.

मग सवडीने त्याच वहीचे दुसरे पान काढा. आयटीआय संपल्यावर शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष, हातखर्च, बस किंवा सायकल, लायसन्सची परीक्षा, घरी द्यायचे पैसे. तिथेही मिळकत ठरलेली आणि मागणी सहापट. तिथेही एक कसब मुख्य धरावे लागते, दोन त्याला आधार देणारी शिकावी लागतात, आणि बाकीच्यांना एकेक पॉइंट देऊन थांबावे लागते. वायरमनचे काम मुख्य धरले तर मोटार रिवाइंडिंग आणि इंग्रजीतले नकाशे वाचणे हे त्याचे आधार. मुलगा ही भाषा आधीच शिकला आहे. तिचा उपयोग दुसऱ्या पानावर करून घेणे आपल्या हातात आहे.

एक सूचना त्या मुलालाही. ओक सेजला ११ ठेवले आहेस ते योग्य, पण तो हवेत तरंगतो आणि लढाईत मरतो. मेला की लगेच पुन्हा बोलवायचा, विसरायचे नाही. आणि आईला 'तुला कळणार नाही' म्हणायचे नाही. तुझ्या ९६ पॉइंटांचा हिशेब तिने एका बैठकीत तपासला तर तुझीच एखादी चूक सापडेल.